दहावा मजला की दुसरा? बिल्डिंगच्या आकाराबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एसीच्या बिलावर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की एसी किती स्टारचा ते नंतर, आधी बेडरूम कुठल्या दिशेला आहे ते बघा. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बेळगावात जुने बंगले पाडून उंच बिल्डिंगी उभ्या राहायल्यात, हायवेच्या अंगाला शेतं जाऊन टॉवर यायलेत, आणि एकदा बांधलं की पुढची पन्नास-साठ वर्षं त्याच आकारात राहायचं असतंय, नंतर भिंत काय फिरवता येत नाही. म्हणून हे आत्ताच बोललेलं बरं.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही भाड्यानं राहतो, आता स्वतःचा फ्लॅट घ्यायचाय. एक आहे स्टिल्ट (खाली नुसतं पार्किंग) प्लस चार मजल्यांच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर, दुसरा बारा मजली बिल्डिंगमध्ये दहाव्यावर. दोन्ही हजार स्क्वेअर फुटाच्या आसपास, किंमत जवळजवळ सारखी. मिस्टर म्हणतात उंचावर वारं मोकळं असतंय, एसी लागणार नाही, बिल कमी येईल. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणते उंच बिल्डिंगीनं कार्बन वाढतो. कुणाचं ऐकू? — एक वाचक, टिळकवाडी

ताई, मिस्टरांचं वाऱ्याबद्दलचं बरोबर आहे, खरं बिलाचा हिशेब तेवढ्यावर संपत नाही. घर तापतंय ते बाहेरच्या भिंतीतनं, खिडकीतनं आणि छतातनं. शेजाऱ्याला लागून असलेली भिंत तापत नाही, वर कुणीतरी राहत असेल तर ते छतही तापत नाही. म्हणजे एका घराच्या वाट्याला उन्हात असलेलं अंग किती येतंय, हा पहिला प्रश्न.

मी कागदावर हिशेब करून बघितला, तुम्ही पण मुलीला घेऊन करून बघा. हजार स्क्वेअर फुटाचं एकटं बैठं घर धरा, चौकोनी, दहा फूट उंच. छत १००० आणि भिंती साधारण १२६५, म्हणजे २२६५ स्क्वेअर फूट अंग उघडं. आता तसलीच चार घरं एका मजल्यावर आणि असे चार मजले, म्हणजे १६ घरं एका चौकोनी बिल्डिंगीत. छत ४००० आणि भिंती १०,१२०, ते १६ घरांत वाटलं की घरटी ८८० च्या आसपास येतंय, निम्म्याहूनही खूप कमी! मग बारा मजले करा, ४८ घरं. घरटी किती? साधारण ७१५. म्हणजे एकावरनं चारावर गेलो तेव्हा जवळजवळ १४०० फूट वाचलं आणि चारावरनं बारावर गेलो तर जेमतेम १६५. जो काय फायदा व्हायचा तो पहिल्या चार-पाच मजल्यांतच होऊन जातोय. त्याच्या वर जाल तसा हा फायदा आटत जातो आणि खर्चाच्या बाजू मात्र वाढत राहतात.

त्यातली सगळ्यात मोठी बाजू सिमेंट-लोखंडाची आहे आणि ती तुमच्या बिलात कधीच दिसत नाही. बिल्डिंग उंच झाली की नुसतं वजन पेलून भागत नाही, वारं तिला आडवं ढकलतंय, ते सोसायला कॉलम, बीम, लिफ्टच्या भोवतीच्या काँक्रीटच्या भिंती जाड कराव्या लागतात. शिकागोचे नावाजलेले टॉवर उभारणारे इंजिनिअर फझलूर रहमान खान, मूळचे ढाक्याचे, त्यांनी याला उंचीचा प्रीमियम म्हटलं होतं, म्हणजे तेवढीच खोली उंचावर बांधायला जादा मोजायचं मटेरियल. आणि राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटचं एक ५० किलोचं पोतं म्हणजे ४० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, तोही निम्म्याहून जास्त भट्टीच्या कोळशाचा नाही, चुनखडी भाजताना त्या दगडातनंच निघणारा, त्यामुळं भट्टी सोलरवर चालवली तरी तेवढा राहतोच. लोखंडाचं तर किलोला दोन किलोच्या वर जातंय. मुलीचं इथं बरोबर आहे.

राहायला गेल्यावरचं बघायचं तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एनर्जी इन्स्टिट्यूटनं २०१७ मध्ये ऑफिसांच्या बिल्डिंगींची मोजणी मांडली होती. वीस किंवा जास्त मजल्यांच्या बिल्डिंगीत दर चौरस मीटरला जी वीज लागत होती ती सहा किंवा कमी मजल्यांच्या बिल्डिंगीच्या जवळजवळ अडीच पट होती. ती ऑफिसं आहेत आणि तिथलं हवामान वेगळं, तो आकडा उचलून आपल्या फ्लॅटला लावू नका. खरं एक कारण इथं पण लागू होतंय, उंचावरचं घर ऊन-वाऱ्याला जास्त उघडं असतंय. दुसऱ्या मजल्याला समोरच्या घराची, नारळाची, आंब्याची सावली मिळते, दहाव्याला कसलं झाड पोचणार? आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर जो पाऊस वाऱ्याबरोबर आडवा मारतो, त्या दिवसांत नैऋत्येच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या वरच्या मजल्यांना उघडताच येत नाहीत, म्हणजे ज्या वाऱ्यासाठी वर गेलात ते चार महिने काचेबाहेरच.

पाण्याच्या पंपाला लोक उगाच जास्त दोष देतात. चार माणसांचं घर दिवसाला ५४० लिटर पाणी वापरतंय असं धरलं तर बाराव्या मजल्यावरच्या टाकीत चढवायला महिन्याला घरटी चारेक युनिट लागतात, चार मजल्यांच्या बिल्डिंगीत दीडेक. फरक आहे, खरं घर बुडवणारा नाही. लिफ्ट, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे, आणि करंट गेल्यावर चालणारा जनरेटर हे जास्त खातात. दोन मजले माणूस चालून जातो, दहा मजले नाही, म्हणून तिथं जनरेटर ठेवावाच लागतो आणि एक लिटर डिझेल जाळलं की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

आणि आता टेरेस. माझ्या मते हीच गोष्ट निर्णायक आहे. वरचाच हिशेब, ४००० फुटाचं छत, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, कपडे वाळवायची जागा सोडून २००० फूट सोलरला मिळालं. एक किलोवॉटला साधारण १०० फूट जागा लागते आणि तो महिन्याला ११०-१२० युनिट देतो. सोळा घरांत वाटलं तर घरटी सव्वा किलोवॉट, म्हणजे १४० च्या आसपास युनिट, साध्या घराचं बरंचसं भागलं. ४८ घरांत वाटलं तर ५० युनिट पण नाहीत. सोलर हीटरचं पण तसंच, बेळगावच्या थंडीत सकाळी गरम पाणी तर लागतंच, चार माणसांच्या आंघोळीला गिझर महिन्याला पन्नासेक युनिट घेतो, ते छतावरनं फुकट मिळू शकलं असतं, खरं उंच बिल्डिंगीत छतच पुरत नाही.

तर ताई, माझं मत दुसऱ्या मजल्याच्या बाजूनं. एक अट आहे, त्याच्या बेडरूमची मोठी खिडकी उघडी-बोडकी पश्चिमेला नसावी. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता चार बाय पाच फुटाची साधी काच पश्चिमेला असली की हजार वॉटचा हीटर खोलीत लावल्यासारखं आहे. दोन्ही फ्लॅट बघायला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका, दुपारी चार ते सहा जावा, पश्चिमेच्या भिंतीला आतनं हात लावून बघा. आणि बारा मजली बिल्डिंग गावात असेल आणि चार मजली गावाबाहेर दहा किलोमीटरवर, तर मात्र परत बसून हिशेब करा, रोज वीस किलोमीटर कार गेली तर महिन्याला ८०-९० किलो कार्बन डायऑक्साइड त्यातच जातोय.

प्रश्न : आम्ही निपाणीत सहा फ्लॅटची छोटी बिल्डिंग बांधायलोय. आमच्या भाच्यानं नेटवर वाचलंय की चौकोनी, गच्च आकाराच्या घराला सगळ्यात कमी वीज लागते. मग चौकोनीच करायचं का? — एक वाचक, निपाणी

काका, भाच्यानं वाचलंय ते चुकीचं नाही, ते थंड देशातलं आहे. तिथं आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते, म्हणून जेवढं कमी अंग उघडं तेवढं चांगलं, शेकोटीजवळ माणूस अंग चोरून बसतो तसं. आपल्याला ऊब साठवायची नाहीये, आपल्याला ऊन अडवायचंय आणि वारं आत घ्यायचंय. त्यामुळं किती अंग उघडं यापेक्षा कुठलं अंग उघडं हे इथं जास्त चालतंय.

परत ४००० फुटाचा मजला घ्या. चौकोनी केला तर ६३ बाय ६३, बाहेरची भिंत २५३ फूट, त्यातली पूर्व-पश्चिमेची १२६. लांबट केला, १०० बाय ४०, तर बाहेरची भिंत २८० म्हणजे जास्त. खरं त्याची लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवली तर पूर्व-पश्चिमेला फक्त ८० फूट राहिली. तीच बिल्डिंग उलटी फिरवून ठेवली तर २०० फूट! तेच सिमेंट, तेवढ्याच विटा, आणि राहणाऱ्याला एसी लागणार की नाही ते नुसतं कागद फिरवण्यावर ठरतंय.

पूर्व-पश्चिमेला एवढं का भ्यायचं, तर तिथलं ऊन खालनं येतं, सज्जा कितीही मोठा काढा ते सज्ज्याखालनं सरळ आत शिरतं. दक्षिणेचं ऊन वरनं येतं. आपल्या भागात डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासनं ५१ अंशांच्या आसपास वर असतो, तेव्हाचं आत आलेलं ऊन तर हवंच असतं, आणि उन्हाळ्यात तो डोक्यावर गेला की दोन फुटाचा सज्जा पुरतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, तिथनं ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडं असतो, तरी तो एवढा वर असतो की उत्तरेलाही छोटा सज्जा चालतो. जिना, संडास-बाथरूम, कपाटं, लिफ्ट असलं सगळं पश्चिमेला ढकला. ते तापलं तर कुणाची झोप जात नाही.

आणखी एक, मजला फार रुंद करू नका. मधोमध खोल्या आल्या की भर दुपारी लाइट लावून स्वयंपाक करावा लागतो आणि वारं आरपार जात नाही. ४० फूट रुंदीत दोन्ही बाजूंना खिडक्या मिळतात.

तुमच्या साईटची लांब बाजू रस्त्यामुळं पूर्व-पश्चिमेला तोंड करूनच असेल तर बिल्डिंग फिरवता येणार नाही, मग पश्चिमेला उभे सिमेंटचे पडदे, जाळी, बाहेरनं बंद होणाऱ्या लाकडी झडपा करा. पडदा आतनं लावून तेवढा उपयोग नाही, ऊन काचेतनं आत आलं की उष्णता आतच आली.

प्रश्न : शहापुरात आमचं वडिलोपार्जित घर आहे, समोर २० फूट, आत लांबच लांब, दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत. मधला चौक आणि परडं धरून बिल्डरनं पाच मजल्यांचा प्लॅन दिलाय, चौकाच्या जागी चार बाय चार फुटाचा डक्ट (हवा-उजेडाची उभी पोकळी) दाखवलाय. भाऊ म्हणतात चौकाची जागा वाया जाते. तुमचं मत काय? — एक वाचक, शहापूर

मी पण शहापुरातच वाढले, असल्याच घरात, सोपा, माजघर, चौक, मागं परडं. त्यामुळं हे वाचून पोटात तुटलं. खरं नुसत्या ओढीनं सांगत नाही.

तुमच्या घराचा जो आकार आहे तो उन्हासाठी फार हुशार आकार आहे. दोन्ही लांब भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या, म्हणजे त्यांना ऊनच नाही. २० बाय ५० चं घर धरलं तर बाहेरची भिंत फक्त पुढची आणि मागची, मिळून ४० फूट. एकट्या बंगल्याला तेवढ्याच घरासाठी १२६ फूट भिंत उन्हात असते. मग हवा आणि उजेड कुठनं येणार? तो चौकातनं येत होता. गरम हवा चौकातनं वर जाते आणि पुढच्या दारातनं, परड्यातनं गार हवा ओढली जाते. चौक काढला की हा आकारच चालत नाही, उरतं ते दोन्हीकडनं बंद असलेलं बोगद्यासारखं घर.

चार बाय चारच्या डक्टमधनं पाच मजल्यांना उजेड मिळत नाही. खालच्या दोन मजल्यांना दिवसा ट्यूब लावावी लागेल, वर्षाचे ३६५ दिवस. आणि थोड्या दिवसांनी त्याच डक्टमध्ये सगळ्यांचे एसीचे बाहेरचे युनिट बसतील, मग खालच्याची गरम हवा वर चढत जाते आणि वरच्याचा एसी ती गरम हवा घेऊन जास्त करंट खातो, शिवाय वास आणि आवाज. हे मी स्वतः जिथं राहते तिथं बघतेय. स्वयंपाकघराची खिडकी आम्ही उन्हाळाभर उघडत नाही.

चौक दहा-बारा फुटांचा तरी ठेवायला सांगा, परड्यातली मोकळी जागा सोडा आणि पाचच्या ऐवजी चार मजले करा. एक मजला कमी होईल, हे भावांना पटवणं सोपं नाही हे मला माहीत आहे. त्यांना असंच बांधलेलं एखादं घर दाखवा, दुपारी दोन वाजता, लाइट बंद करून.

प्रश्न : आमच्या छतावर तीन किलोवॉटचं सोलर आहे. दक्षिणेच्या साईटवर बारा मजल्यांचं काम निघालंय. आमचं सोलर जाणार का? — एक वाचक, वडगाव

दक्षिणेला असेल तर थंडीत जाणार, अंतरावर अवलंबून आहे. बारा मजले म्हणजे साधारण ३६ मीटर. २१ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी बाराला त्याची सावली उत्तरेकडं २९-३० मीटर पडेल, म्हणजे शंभरेक फूट. तेच चार मजल्यांचं असतं तर ३२ फूट. सकाळ-संध्याकाळ ती आणखी लांब जाते आणि बाजूला सरकत राहते. मार्चनंतर दुपारची सावली भराभर आखडते, मे ते जुलै तर तुम्हाला त्याचा दुपारी त्रासच नाही. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्या ओळीचं उत्पादन पडतंय, तेव्हा इन्व्हर्टरवाल्याला विचारून प्रत्येक पॅनलला वेगळा ऑप्टिमायझर (एकावर सावली आली तरी बाकीच्यांचं उत्पादन पडू न देणारं यंत्र) लावता येईल का ते बघा, तेवढ्यानं बरंच वाचतं.

पाया निघालाय तोवरच सेटबॅक (बिल्डिंगीभोवती सोडायची मोकळी जागा) किती सोडलाय ते महानगरपालिकेकडं मंजूर प्लॅनमध्ये बघून घ्या. वर गेल्यावर काय करता येत नाही.

प्रश्न : कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळं आमचं बिल शून्य येतंय, मग आम्ही आकार-बिकाराचा विचार कशाला करायचा? — एक वाचक, अनगोळ

शून्य येतंय ते तुमच्यासाठी, करंट शून्यात तयार होत नाही. आपल्या देशाच्या ग्रीडवर एक युनिटमागं अजून ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. उन्हाळ्यात रोज सहा तास एसी चालला आणि दिवसाला सहा युनिट गेले तर महिन्याला १८० युनिट, म्हणजे सव्वाशे किलो. ते कोण भरतंय यानं त्यात फरक पडत नाही. आणि तुमच्यापुरतं बघायचं तरी, सवलत तुमच्या आधीच्या सरासरीहून थोड्या जादा युनिटांपुरतीच, तीही २०० युनिटांच्या आत. पश्चिमेच्या बेडरूमला एसी लावला की एप्रिल-मेमध्ये २०० ओलांडायला वेळ लागत नाही आणि मग सगळं बिल भरावं लागतं. लिफ्ट-पंपाचं कॉमन मीटर तर असोसिएशन तुमच्याकडनं मेंटेनन्समध्ये वसूल करतेच.

प्रश्न : आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, रात्री अकरापर्यंत छत तापलेलं असतंय. पांढरा रंग मारू का? — एक वाचक, खानापूर

मारा, पण आधी गळती बघून घ्या. तुमच्याकडं पाऊस बेळगावपेक्षा किती जास्त पडतो ते तुम्हाला सांगायला नको, ओल असलेल्या स्लॅबवर रंग टिकत नाही. रंगापेक्षा पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक जास्त वर्षं जातं, दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत त्यावरचं शेवाळ घासून काढा, नाहीतर काळं पडून परत तापायला लागतं. बजेट असेल तर मोझॅकच्या खाली इन्सुलेशनचा थर घाला. केंद्र सरकारच्या इको-निवास संहितेत (घरांसाठीचे वीज-बचतीचे नियम) २०१८ पासनं छताला उष्णता आत येण्याची एक मर्यादा घालून दिलीय, नुसती स्लॅब त्यात बसत नाही, विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला की जरा जवळ जाते. खानापूरला विटा काय कमी नाहीत, भट्टीवर तुकडे स्वस्तात मिळतील, विचारून बघा.